अर्ध्यावरून परतलेली पावलं

कामिनुमा वाडीत हिवाळ्यात कोणी कोणाला ‘बरं आहे ना?’ असं विचारत नाही. ‘आज किती वेळा?’ असं विचारतात. किती वेळा म्हणजे दारातला बर्फ किती वेळा काढला. किनुयो चौऱ्याहत्तर वर्षांची झाली तरी ‘दोनदा’ म्हणायची, आणि ते खरं असायचं. बत्तीस वर्षं तिनं खालच्या गावातल्या रेशमाच्या कारखान्यात तयार कापड तपासायचं काम केलं होतं. ताग्यावरून बोटं फिरवत जायचं, आणि जिथे धागा चुकला असेल तिथे काठाला पांढरा दोरा बांधायचा. दोष झाकायचा नाही आणि दुरुस्तही करायचा नाही, नुसती खूण करायची. विणणाऱ्या बायका तिला वचकून असत, पण पाठीमागे वाईट बोलत नसत. एकदा तिनं आपल्या सख्ख्या जावेच्या ताग्याला सात दोरे बांधले होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

अशा बाईनं आयुष्यात एकच तारीख खोटी लिहिली, आणि ती वाडीच्या फिरत्या पाटीवर.

फिरती पाटी म्हणजे एक लाकडी फळी. वरच्या चिमट्याला नगरपालिकेच्या सूचना अडकवलेल्या असतात. ती नऊ घरं फिरते. सूचना वाचायची, आपल्या नावापुढे शिक्का मारायचा, तारीख घालायची आणि पाटी पुढच्या घरी पोचवायची. किनुयोचं घर सहावं. सातवं हात्सुएचं, शेजारचंच. कामिनुमाच्या पाटीला मागच्या बाजूनं एक वही बांधलेली असे. ती कोणी सुरू केली ते आता कोणाला आठवत नाही. ज्याला वाटेल त्यानं तीत चार ओळी लिहाव्यात, विषयाचं बंधन नाही. ‘नव्या डॉक्टरांचे हात फार गार आहेत, त्यांना कोणीतरी सांगावं.’ ‘दुसऱ्या पाण्याचा चहाच खरा चहा, पहिलं पाणी पाहुण्यांसाठी.’ ‘काल सुनेनं फोनवर मला आधी हसू दिलं आणि मग कामाचं सांगितलं. बरं वाटलं.’ पाटी आली की सूचना कोणी धड वाचत नसे. आधी वही उघडायची.

वहीत सगळ्यांत जास्त लिहायची हात्सुए. तिला प्रत्येक गोष्टीबद्दल मत होतं, आणि ते पोटात ठेवलं तर तिला पचत नसे.

किनुयोची आणि तिची चाळीस वर्षांची मैत्री. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या उतारावर आल्या, दोघींची सासवांबद्दलची मतं एकच होती. पाटी द्यायला गेली की किनुयो खांबापासूनच हाक मारायची, “अगं हात्सुए, पाटी आली गं.” आतून उत्तर यायचं, “पाटी ठेव आणि तू आत ये.” मग तास-दीड तास पाटी तशीच पडून राही. वाडीचा प्रमुख ओगुमा म्हणायचा, “सहा आणि सात नंबरमध्ये वीस पावलं आहेत, पण पाटीला तेवढ्यात दोन दिवस लागतात. तेवढ्यात मी तोक्योला जाऊन येईन.”

हे सगळं बिघडलं ते लोणच्यावरून.

दर वर्षी किनुयो मुळ्याचं लोणचं घालायची आणि नऊही घरी वाटायची. नवरा गेला त्याला तीन वर्षं झाली होती. त्या शरद ऋतूत पाटी फिरून तिच्याकडे आली तेव्हा वहीत हात्सुएच्या मोठ्या, गोल अक्षरात लिहिलेलं होतं: ‘एका घरचं मुळ्याचं लोणचं तीन वर्षं खारट होतंय. घरात चाखून बघणारं माणूस राहिलं नाही की असं होत असावं.’

हात्सुएकडून निघालेली पाटी मधली सात घरं फिरून आली होती. म्हणजे सात घरांनी वाचलं होतं.

किनुयो तशीच चपला घालून तिच्याकडे गेली. “हे माझ्याबद्दल लिहिलंस?”

“तुझं नाव कुठे आहे त्यात?”

“वाडीत मुळ्याचं लोणचं वाटणारी दुसरी कोण आहे?”

“बरं. म्हणजे खारट आहे हे तुला मान्य आहे.”

“लोणच्याचं सोड. ह्यांना मध्ये आणायचं काय कारण होतं? सगळ्या वाडीनं वाचायला?”

हात्सुएचं हसू मावळलं. तिनं चहाचा पेला खाली ठेवला. किनुयो वळून चालू लागली होती. मागून हात्सुए म्हणाली, “किनु, मला एवढंच म्हणायचं होतं, की मला बोलवत जा. चाखायला.”

किनुयोनं ते ऐकलं. चांगलं स्पष्ट ऐकलं. पण पाय थांबले नाहीत.

त्या दिवसापासून तिनं हाक मारणं सोडलं. हात्सुएच्या दारापुढच्या खांबाला एक खिळा होता. पाटी त्याला अडकवायची आणि परत यायचं. हात्सुएलाही मान होता. हाक नाही तर पाटी घेणार नाही, असं तिनं ठरवलं असावं. पाटी एक दिवस, कधी दोन दिवस खिळ्याला लटकत राही. मग कधीतरी कोणी पाहत नसताना ती आत जाई आणि पुढे निघे. ओगुमा म्हणायचा, “पाटी लटकलीय म्हणजे सात नंबर रुसलंय.” वाडी हसायची. असं दीड वर्ष चाललं. दीड वर्षात दोघी ‘आज किती वेळा?’ एवढंही एकमेकींना बोलल्या नाहीत. मात्र रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीचा निळ्या चौकड्यांचा पडदा बोटभर सरकवून किनुयो पलीकडे बघायची. तिथून हात्सुएचं दार आणि अंगण दिसे. खिळ्याचा खांब दिसत नसे, त्यासाठी रस्त्यावर जावं लागे.

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत अकरा तारखेला सकाळी किनुयोनं पाटी खिळ्याला अडकवली. शिक्का मारला होता, तारीख घालायची राहिली होती. त्या संध्याकाळपासून बर्फ सुरू झाला आणि रात्रभर पडला. बाराला सकाळी सात वाजता तिनं पडदा सरकवला. बर्फ थांबला होता. अंगण कोऱ्या कापडासारखं होतं, आणि त्यावर पावलं होती. हात्सुएच्या दारातून निघालेली, अंगणाच्या मध्यापर्यंत आलेली, तिथे थोडी घोटाळलेली आणि परत दाराकडे गेलेली.

किनुयोला वाटलं, आली असेल पाटी घ्यायला. लांबून बघितलं असेल, आणि हाक नाही म्हणून परत फिरली. वाट बघ म्हणावं.

दुपारी बर्फ काढायला ती रस्त्यावर गेली तेव्हा पाटी तशीच लटकत होती. दुसऱ्या दिवशी, तेराला, हात्सुएच्या स्वयंपाकघरातला दिवा भर दुपारी जळत होता. तोही किनुयोनं बघितला. विजेचा एवढा खर्च हात्सुए कधी करणार नाही, हेही तिच्या मनात आलं. पण पाटी लटकत होती, आणि पाटी लटकली की सात नंबर रुसलंय. सगळी वाडीच असं म्हणायची. त्या वाटेवरचं शेवटचं घर आठवं, आणि तिथले म्हातारबाबा हिवाळ्यापुरते मुलाकडे गेलेले, त्यामुळे त्या वाटेनं वर जाणारं दुसरं कोणी नव्हतं.

चौदाला दुपारी ओगुमा आला. “किनुयोबाई, आगीच्या सरावाचे अर्ज आज द्यायचे आहेत आणि पाटीचा पत्ता नाही. तुमच्याकडे अडकली का?”

“सातला आहे,” ती म्हणाली.

दोघं मिळून गेली. मधल्या बर्फानं अंगणातली पावलं बुजली होती. दाराला कडी लावलेली नव्हती. हात्सुए मोरीजवळ पडलेली होती, अंगात कोट, पायात घरातल्या मोज्यांवर बाहेरचे बूट. शेगडीतलं तेल कधीच संपलं होतं. भिंतीवरच्या रोज एक पान फाडायच्या कॅलेंडरवर अकरा तारीख होती.

त्या गडबडीत ओगुमानं खिळ्यावरची पाटी काढून किनुयोच्या हातात दिली आणि सहज विचारलं, “तुम्ही ही आजच लावलीत ना?”

“हो,” किनुयो म्हणाली. “सकाळी.”

हे उत्तर कुठून आलं ते तिला कळलं नाही. पण आलं. घरी जाऊन तिनं नावापुढच्या मोकळ्या चौकोनात ‘१४’ लिहिलं. पोलीस आला, त्यानं विचारलं, शेवटचं कधी पाहिलंत? ती म्हणाली, दहाला, बर्फ काढताना. तेही खरंच होतं. तेवढंच सांगितलं म्हणून खोटं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय. घर इतकं गार होतं की नेमका दिवस सांगता येणार नाही. पण कॅलेंडर अकरावर थांबलेलं, म्हणजे बाराची सकाळ तिनं पाहिली नसावी. कागदावर ‘अकराच्या सुमारास’ असं गेलं. देवळातल्या भटजींनी तेच घेतलं. पूजेत ठेवायच्या काळ्या लाकडी फळीवर हात्सुएला मेल्यावर मिळालेलं नवं नाव सोनेरी अक्षरात आलं, आणि खाली: फेब्रुवारी, अकरा.

नंतर दर महिन्याच्या अकरा तारखेला हात्सुएची मुलगी मिचिरु सैतामाहून यायची. आईच्या घरात उदबत्ती लावायची आणि शेजारच्या मावशीला बोलवायची. किनुयो जाऊन बसायची, हात जोडायची, आणि जोडलेल्या हातांच्या आड एकच विचार घोळायचा: या दिवशी ही जिवंत होती. या दिवशी संध्याकाळी तिनं भात टाकला असेल, नळ गळतोय म्हणून शिव्या घातल्या असतील. आपण सगळे मिळून जिवंत माणसाचं श्राद्ध घालतो आहोत. आणि ज्या दिवशी ती खरोखर गेली त्या दिवशी घर बंद असतं, उदबत्ती नसते, कोणी पाणीसुद्धा ठेवत नाही.

वाडीत कोणी तिला काही विचारलं नाही. उलट ओगुमा म्हणाला, “तुम्ही होतात म्हणून त्या दिवशी तरी कळलं.” त्या वाक्यानं ती दोन दिवस जेवली नाही.

मग खिळ्याचं सुरू झालं. पाटी आता सहाव्या घरातून थेट आठव्यात जायची. पण नोव्हेंबरात एका दुपारी, पाटी किनुयोच्या जेवणाच्या टेबलावर पडलेली असताना, पलीकडून लाकूड लाकडावर आपटल्यासारखा आवाज आला. टक. थोड्या वेळानं पुन्हा, टक. वाऱ्यात लटकणारी पाटी खांबावर आपटते तसा. तिनं टेबलाकडे बघितलं, पाटी तिथेच होती. ती रस्त्यावर गेली. खांबावर काहीच नव्हतं. आठ-नऊ महिने कोणी हात लावला नव्हता, खांबाच्या पट्टीला गंज चढला होता. खिळा मात्र रोजच्या वापरात असल्यासारखा चकचकत होता. तिनं त्यावर बोट फिरवलं, ताग्यावरून फिरवायची तसं. गार होता, आणि गुळगुळीत.

पुढे बर्फ पडू लागल्यावर तिनं सकाळी पडदा सरकवणं बंद केलं. चहा ठेवायची तो खिडकीकडे पाठ करून.

यंदा पहिलं वर्षश्राद्ध. मिचिरु दहालाच आली. अकराला भटजींनी मंत्र म्हटले, ओगुमा आला, सगळ्यांनी मिळून जेवण केलं. जेवताना मिचिरु म्हणाली, “मावशी, बर्फ वितळला की दगडवाला येतो म्हणालाय. थडग्याच्या दगडावर बाबांच्या नावाशेजारी आईचं नाव आणि तारीख कोरायची राहिलीय. गेल्या वर्षी तो आजारी होता. यंदा उरकून टाकते.”

ओगुमा म्हणाला, “बरं झालं. कागदावरचं पुसतं, दगडात गेलं की मग कोणाच्या बापाला बदलता येत नाही.”

किनुयोनं हातातली वाटी हळूच खाली ठेवली.

त्या रात्री पुन्हा बर्फ पडला. बाराला सकाळी सात वाजता तिनं किटली गॅसवर ठेवली आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा खिडकीकडे तोंड केलं. पडदा बोटभर सरकवला.

अंगण कोरं होतं. आणि त्यावर पावलं होती. हात्सुएच्या दारातून निघालेली, मध्यापर्यंत आलेली, तिथे घोटाळलेली, परत फिरलेली.

किटली शिटी वाजवू लागली तरी ती तशीच उभी होती. मग तिनं गॅस बंद केला, कोट चढवला, आणि घराबाहेर पडली. रस्ता साफ केलेला नव्हता, गुडघ्यापर्यंत बर्फ होता. पाटी त्या आठवड्यात कोणाकडे होती कोण जाणे, तिच्याकडे नव्हती. तरी खांबापाशी पोचल्यावर तिच्या तोंडून जुनीच हाक निघाली, अडीच वर्षांपूर्वीची, मोठ्यानं:

“अगं हात्सुए, पाटी आली गं.”

दार उघडलं. मिचिरु होती. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेला डबा.

“मावशी? काय झालं? एवढ्या बर्फातून कशाला आलात, मीच येत होते तुमच्याकडे. कालचे लाडू द्यायला. अर्ध्यात गेले आणि बघते तर काय, लाडूच घरात. विसरभोळेपणा आईचा आलाय. परत आले तोवर ऑफिसचा फोन.” मग तिनं किनुयोच्या चेहऱ्याकडे बघितलं. “मावशी, बसा आधी. चेहरा काय झालाय तुमचा.”

किनुयो उंबऱ्यावरच बसली. आत गेली नाही.

“मिचिरु, दगडवाल्याला अकरा सांगू नकोस.”

“म्हणजे?”

“तुझी आई अकराला गेली नाही. बाराला सकाळी ती जिवंत होती. तिची पावलं मी बघितली. इथेच, अशीच. तेराला दिवा दिवसा जळत होता, तोही बघितला.” ती एका सुरात सांगत गेली, ताग्यातले दोष मोजून सांगावेत तसं, मध्ये काही न गाळता. पाटी अकराला लावली होती. चौदा लिहिलं ते मागाहून. रुसली आहे असं वाटलं. हाक मारायची नव्हती म्हणून गेले नाही. ओगुमानं विचारलं तेव्हा तोंडातून ‘आज सकाळी’ निघालं आणि मग परत घेता आलं नाही.

मिचिरुनं डबा जमिनीवर ठेवला. छपरावरचा बर्फ घसरून मागच्या बाजूला धप्पकन पडला.

“बूट होते तिच्या पायात,” ती अखेर म्हणाली. “मोज्यांवर बूट. मी वर्षभर विचार करतेय, घरात आई बूट घालून कशाला फिरत होती. कोणाला सांगता येईना.” मग म्हणाली, “बारा की तेरा, मावशी?”

“ते मला माहीत नाही गं. बाराला सकाळी होती, एवढं माहीत आहे.”

“मग बारा. शेवटचं कोणी तिला…” तिनं वाक्य सोडून दिलं. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. आवाज मात्र कोरडा झाला. “तुम्ही गेला असतात तर वाचली असती का, ते मी विचारणार नाही. आज तरी नाही. पुढे कधी विचारलं तर उत्तर द्याल ना?”

“देईन.”

“मला दाखवा. कुठपर्यंत आली होती?”

किनुयो उठली. मिचिरुच्या पावलांच्या शेजारून, त्यांना धक्का न लावता, ती चालत गेली. गेल्या वर्षीचं अंगण तिच्या डोळ्यांपुढे इतक्या वेळा आलं होतं की तिला पावलं मोजावी लागली नाहीत. “इथपर्यंत. इथे थोडी थांबली. घोटाळलेली दिसत होती जागा. मग परत.”

मिचिरु येऊन तिच्या शेजारी उभी राहिली. तिनं पुढे बघितलं.

“मावशी, तेव्हाही हा ढीग इथे होता?”

“छपराचा बर्फ दर वर्षी इथेच पडतो. तेव्हा याहून उंच होता.”

“मग इथून खांब दिसत नाही.”

किनुयोनं बघितलं. खरंच दिसत नव्हता. माणसापेक्षा उंच बर्फाच्या ढिगामागे खांब, खिळा, रस्ता सगळं झाकलेलं होतं. इथे उभं राहून पाटी लटकतेय की नाही हे कोणालाच कळलं नसतं. इथे येऊन थांबायला पाटीचं काही कारण नव्हतं.

समोर एकच गोष्ट मोकळी दिसत होती. तिच्या स्वतःच्या स्वयंपाकघराची खिडकी. निळ्या चौकड्यांचा पडदा, आणि तो बोटभर सरकवलेला, मघाशी सोडला तसा.